मामा, पद्मश्रीसाठी फी नसते. ते अकरा हजार भरू नका

परवा रात्री मामांचा फोन आला, आवाजात इतका आनंद की मला वाटलं घरात कुणाचं लग्नच ठरलं. म्हणाले, "अगं, आपल्या मंडळाला पद्मश्री मिळायचा चान्स हाय, फकस्त शनिवारच्या आत अकरा हजार भरायचेत." मग त्यांनी तो मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. एकानेही विचारलं नाही की हे खरं आहे का.

मेसेज थोडक्यात असा: यंदापासून पद्मश्री सेवाभावी मंडळांनाही मिळणार, प्रत्येक तालुक्यातून एक मंडळ निवडणार, फाइल दिल्लीला पोचवायची नोंदणी फी 11,000 रुपये, निवड झाली की पदाधिकाऱ्यांना पेन्शन आणि रेल्वे पास, लेटरहेडवर मंडळाच्या नावाआधी 'पद्मश्री' लावायची परवानगी. शेवटची ओळ, 'वशिल्याशिवाय छोट्या मंडळांना कोण विचारतं? ही संधी सोडू नका.' वर तीन सिंहांची राजमुद्रा.

मामांचं मंडळ म्हणजे काय ते सांगते, म्हणजे मला इतका राग का आलाय ते कळेल. कृष्णाकाठचं गाव. पट्टीची पोहणारी पंधरा-वीस पोरं. 2019 च्या महापुरात बोट यायच्या आधी यांनी गुळाची काहील पाण्यात सोडली आणि दोन बाजूंनी दोघांनी धरून ढकलत म्हाताऱ्या माणसांना त्यात बसवून बाहेर काढलं. मामा खजिनदार. ते अकरा हजार लाइफ जॅकेटांसाठी वर्गणीतून बाजूला ठेवलेले आहेत, कारण आत्ता मंडळाकडे आहेत ती जॅकेटं उसवलेली आहेत, एकाचं बक्कल सुतळीनं बांधलंय. हे पैसे कुणीतरी फोनवरून उचलणार होतं.

म्हणून आधी फीचं बोलू. पद्म पुरस्कारासाठी कुणाचंही नाव सुचवायला एक रुपयाही लागत नाही. केंद्र सरकारचं राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल आहे, त्यावर लॉगिन करून कुणीही नागरिक कुणाचंही नाव देऊ शकतो, अगदी स्वतःचं सुद्धा. जास्तीत जास्त 800 शब्दांत त्या माणसाचं काम लिहायचं, झालं. मध्ये एजंट नाही, फाइल नाही, 'दिल्लीला पोचवणं' नाही, कारण अर्ज ऑनलाइनच घेतात. आणि ती राजमुद्रा बघून मामा म्हणत होते, "सरकारी शिक्का हाय की वर." मामा, तो शिक्का इंटरनेटवरून कुणीही उचलून लावतो, पण तसा परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे, 2005 चा कायदा आहे त्यावर, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लाजत बसू नये, 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आता 'मंडळाला पद्मश्री'. गृह मंत्रालयाने पद्म पुरस्कारांवर नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवलीत, दोन-तीन पानं आहेत, मेसेज पुढे ढकलायच्या आधी कुणीही वाचू शकलं असतं. हा पुरस्कार व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. वर्षाला एकूण 120 ची मर्यादा, त्यात मरणोत्तर आणि परदेशातले धरत नाहीत. आणि हे म्हणतात तालुक्याला एक! अहो, एकट्या महाराष्ट्रात तालुके 358 आहेत. पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री तिन्ही मिळून अख्ख्या देशाला 120, आणि यांनी महाराष्ट्रातच साडेतीनशे वाटून टाकले. एवढा हिशोब तरी करायचा होता.

पेन्शन आणि रेल्वे पासचं उत्तर त्याच पानांवर आहे: रोख रक्कम नाही, रेल्वे-विमानाची सवलत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. ओडिशा, तेलंगणासारखी काही राज्यं आपल्या तिजोरीतून पद्म मिळालेल्यांना मानधन देतात हे खरंय, पण ते त्या राज्याचं, ते काही पुरस्कारासोबत येत नाही.

नावाआधी लावायचं तर विसराच. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय की हा किताब नाही, नावाच्या मागेपुढे लावायचा नाही. लेटरहेड, पत्रिका, पोस्टर कुठेच नाही, लावलं तर पुरस्कार जाऊ शकतो.

राहिली वशिल्याची ओळ. इथे मला थोडं मान्य करावं लागतंय, कारण मामा त्याच ओळीला भुलले. छोट्या मंडळांचं नाव वर पोचत नाही हे खरं आहे. शहरातल्या मोठ्या संस्थांकडे अर्ज लिहायला माणसं असतात, गावातल्या पोरांकडे नसतात. पण त्याचं उत्तर अकरा हजार नाही, अर्ज लिहिणं आहे. 2020 ला हिवरे बाजारचे पोपटराव पवार, 2025 ला बारीपाड्याचे चैत्राम पवार, दोघांना पद्मश्री मिळाली ती त्यांच्या नावानं, पण मागे अख्ख्या गावाचं श्रमदान होतं, जंगल राखणारे हात होते.

आणि संस्थेचाच सन्मान हवा असेल तर तोही आहे, फक्त त्याचं नाव पद्मश्री नाही. सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार, 23 जानेवारीला जाहीर होतो, आपत्तीत काम करणाऱ्या संस्थेला 51 लाख आणि प्रमाणपत्र, आणि ते पैसे आपत्तीच्या कामावरच वापरायचे. स्वयंसेवी संस्थासुद्धा त्याला पात्र आहेत, 2021 ला 'सीड्स' या स्वयंसेवी संस्थेला मिळाला होता. बघा, खरा पुरस्कार संस्थेला पैसे देतो, मागत नाही. मिळेलच असं मी मामांना सांगितलेलं नाही, मोठमोठ्या संस्था असतात त्यात. पण पुरात माणसं काढणाऱ्या पोरांनी अर्ज करायचा तर इथे करावा.

मामांनी पैसे भरले नाहीत, शुक्रवारी दुपारी मला हे सगळं बोलता आलं म्हणून. आधी गप्प झाले, मग म्हणाले, "पोरांना सांगून बसलोय गं मी." ते ऐकून फार वाईट वाटलं. मग मी विचारलं, महापुराची काही नोंद ठेवलीय का तुम्ही? तर आहे. शाळेची दोनशे पानी वही आहे, निम्मी पानं भिजून चिकटलेली, त्यात कुणाला कुठल्या गल्लीतून किती वाजता काढलं ते पेन्सिलनं लिहिलंय, शेवटच्या पानावर गाई-म्हशींचाही आकडा आहे. पानं ओढू नका, सुकू द्या आणि एकेकाचा फोटो काढून पाठवा म्हटलंय. अर्ज मी लिहिणार आहे. अकरा हजारांची जॅकेटं याच आठवड्यात मागवतायत.