‘पाऊण तास घिरट्या कशाला?’ – आपल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

आपण लिहिलंय की प्रशिक्षण विमानाच्या पुढच्या चाकाचा दिवा लागत नसताना आमच्या प्रशिक्षकांनी आपल्या मुलाला पाऊण तास हवेत ठेवलं, त्यांना काय करावं तेच सुचत नव्हतं, आणि आता आम्ही कारण दडवतोय. कुंपणाबाहेर उभं राहून आपण ते सगळं पाहिलंत. वडील म्हणून आपला राग मला कळतो. पण प्रशिक्षकांबद्दलचं म्हणणं मला मान्य नाही.

चाक खाली येऊन लॉक झालं की हिरवा दिवा लागतो. पुढच्या चाकाचा लागला नाही. आमच्या विमानात नेव्हिगेशन लाइट (विमानाच्या बाहेरचे, इतरांना विमान दिसावं म्हणूनचे दिवे) चालू असले तर चाकांचे हे दिवे मंद होतात, उन्हात विझल्यासारखेच दिसतात. म्हणून आधी नेव्हिगेशन लाइट बंद करून पाहिले. मग शेजारचा चांगला बल्ब त्या जागी लावला. तरी अंधारच. मग वेग ८५ नॉटच्या (ताशी सुमारे १५७ किमी) खाली आणून इमर्जन्सी नॉब ओढला. त्याने चाकं वर धरून ठेवणारा हायड्रॉलिक (तेलाचा) दाब सुटतो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. दिवा तरीही नाही. टॉवरसमोरून विमान कमी उंचीवरून नेलं, तेव्हा चाक खाली दिसतंय असं कळलं. पण खाली आलेलं चाक लॉक झालंय का, हे जमिनीवरून सांगता येत नाही. हे सगळं चेकलिस्ट वाचत, विमान सांभाळत करायचं असतं.

उरलेला वेळ इंधन जाळण्यात गेला. छोट्या विमानात ते हवेत सोडून देण्याची सोय नसते, आणि टाकीत जितकं कमी तितकी आगीची भीती कमी. तोवर बंबही धावपट्टीशेजारी येऊन उभे राहिले.

उतरताना प्रशिक्षकांनी मागची चाकं आधी टेकवली आणि वेग होता तोवर नाक वर धरलं. नाक टेकताच चाक दुमडलं, प्रोपेलर घासले. दोघंही स्वतःच्या पायांनी बाहेर आले. आता दोन्ही इंजिनं उघडून तपासावी लागतील, खर्च मोठा आहे. पण हवेत असताना खर्चाचा विचार करायचा नाही, हेच आम्ही शिकवतो. प्रशिक्षक तसंच वागले, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

कारणाबद्दल: डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आम्ही त्याच दिवशी कळवलं. लॉगबुकं तपास अधिकाऱ्यांकडे आहेत. बिघाड ॲक्च्युएटरचा (चाक वर-खाली करणाऱ्या भागाचा), लॉकचा की वायरिंगचा, हे ठरण्याआधी मी कुठल्याही मेकॅनिकवर बोट ठेवणार नाही. अहवाल आला की आपल्यासोबत बसून तो वाचेन.

मुलाने पुन्हा उडायचं की नाही, ते त्याने आणि आपण ठरवा. नको असेल तर उरलेल्या तासांचे पैसे परत मिळतील. त्यासाठी हा अभिप्राय काढण्याची अट नाही.