पुणे कुठल्या नळापर्यंत?

"पुण्याचे पाणी उत्तमच आहे, जे झाले ते समाविष्ट गावांत झाले," असे कोथरूडच्या आमच्या दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, तेव्हापासून माझे त्याच्याशी भांडण चालू आहे. वाक्य जानेवारी २०२५ मधले आहे, पण गढूळ पाण्याची तक्रार कुठूनही आली की ते पुन्हा हजर होते, आणि लिहिणारा दरवेळी दादाच असतो असे नाही.

त्या महिन्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे महापालिकेत उशिरा समाविष्ट झालेल्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात, जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण अचानक वाढले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला; त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. चर्चा काही दिवस अर्धवट शिजलेल्या कोंबडीभोवती फिरली, आणि कोंबडीतून तो पसरतो हे खरेही आहे. पण या गावांपैकी काहींना नांदेडच्या विहिरीतून पाणी जात होते, त्या विहिरीत खडकवासला धरणाचे कच्चे पाणी येत होते आणि ते गाळणी प्रक्रियेशिवाय केवळ क्लोरीन मिसळून सोडले जात होते, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले. पर्वतीच्या जलकेंद्रात तुरटी, गाळणी आणि क्लोरीन असे तिन्ही टप्पे पार करून आलेले पाणी पिणाऱ्या माणसाने या पाण्याला "आपले नव्हे" म्हणावे, याचा मला राग येतो, कारण दोन्हींचे धरण एकच आहे.

राग येण्याचे दुसरे कारण घरगुती आहे. निवृत्तीनंतर आईबाबांनी किरकटवाडीत फ्लॅट घेतला तेव्हा ती ग्रामपंचायत होती. २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, त्यांत तीही आली, आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसले. म्हणजे साथ आली तेव्हा या गावांना सरपंच उरला नव्हता आणि नगरसेवक मिळाला नव्हता. मिळकत कर मात्र पुण्याचा होता. बाबा तो मुदतीआधी भरतात आणि पावती जपून ठेवतात; त्या पावतीवर महापालिकेचे नाव असताना त्यांच्या नळाचे पाणी पुण्याचे का धरायचे नाही, हे दादाने मला अजून सांगितलेले नाही.

माझ्यासारख्या शिकागोत राहणाऱ्या माणसाला ही सीमारेषा विशेष विचित्र वाटते. इथे शहराच्या दोन शुद्धीकरण केंद्रांतून निघालेले मिशिगन सरोवराचे पाणी शहराबाहेरच्या सुमारे १२० उपनगरांना जाते. जोलिएटच्या जमिनीखालचे पाणी आटत चालले, तेव्हा त्या शहराने शिकागोशी करार केला, आणि २०३० पर्यंत तिथे पाणी पोहोचवण्यासाठी नळ टाकण्याचे काम सुरू आहे. जोलिएट शिकागोत विलीन झालेले नाही, होणारही नाही, तरी त्याला मिळणारे पाणी आम्ही पितो तेच असेल. आपल्याकडे गावाचे आधी शहर होते, इमारती त्याच्याही आधी होतात, आणि शुद्धीकरण केंद्राचा प्रस्ताव मागाहून फायलीतून सरकू लागतो.

हे मी ग्रुपवर लिहिले, तेव्हा दादाने डिक्समूरची बातमी पाठवली. शिकागोच्या दक्षिणेचे ते गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीचे गाव. तिथल्या जुन्या जलवाहिन्या वारंवार फुटतात आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघतात. त्यानंतर त्याने शिशाचा विषय काढला. शिकागोत रस्त्यापासून घरापर्यंत येणाऱ्या सुमारे चार लाख नळ्या शिशाच्या आहेत. १९८६ मध्ये केंद्रीय बंदी येईपर्यंत लहान घरांना शिशाचीच नळी बसवण्याची सक्ती शहराच्या नियमात होती. आमचा टू-फ्लॅट, म्हणजे दोन मजल्यांवर दोन घरे असलेली इमारत, १९२० च्या दशकातला आहे आणि त्याची नळीही शिशाचीच आहे. रोज सकाळी पाच मिनिटे नळ सोडून मगच मी चहाचे आधण ठेवते. मात्र हे मला ठाऊक आहे, कारण कोणत्या पत्त्यावर कसली नळी आहे याची यादी उघडी आहे, ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर कळवले की तपासणीच्या बाटल्या फुकट घरी येतात, आणि अल्डरमनच्या, म्हणजे इथल्या नगरसेवकाच्या, कार्यालयात फोन उचलला जातो. आमचे पाणी तुमच्यापेक्षा चांगले आहे असे मी म्हणत नाही (दादाला तेच ऐकू येते). आमच्या पाण्यात काय आहे हे विचारले तर सांगितले जाते, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच सरोवरावरच्या मिलवॉकीत १९९३ मध्ये गाळलेल्या, क्लोरीन घातलेल्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी गेला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीनला तो दाद देत नाही. त्या शहराने सरोवरातून पाणी उचलण्याची जागा पुढे नेली आणि ओझोनची प्रक्रिया आणली. कॅम्पिलोबॅक्टर त्या मानाने दुबळा आहे. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल, तर त्याचा टिकाव सहसा लागत नाही. प्रश्न नळाच्या त्या टोकाचा आहे. किरकटवाडीत पाणी दिवसातून काही तासच येते; ते बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. पर्वतीचा अहवाल कितीही निर्मळ असला, तरी किरकटवाडीच्या शेवटच्या नळाविषयी तो काही सांगत नाही.

"मग आरओ बसवा" हे यावरचे ठरलेले उत्तर. खडकवासल्याच्या पाण्यात क्षार मुळात कमी आहेत, आणि विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओला बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितले होते. विक्रेता टीडीएसचे, म्हणजे विरघळलेले क्षार मोजण्याचे, यंत्र बुडवून आकडा दाखवतो, त्या आकड्यात जिवाणू मोजलेलेच नसतात. साथीच्या काळात याच भागातले काही खासगी आरओ प्रकल्प महापालिकेला बंद करावे लागले, कारण तिथले पाणीही पिण्यायोग्य निघाले नाही. पण घरात यंत्र लागले की त्या घरातून महापालिकेला प्रश्न जाणे बंद होते, आणि कोथरूडमध्ये बहुधा तेच झाले आहे.

दादाच्या एका टोमण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. "तू पुण्यात येतेस तेव्हा काय पितेस?" असे त्याने विचारले. मी सीलबंद बाटली पिते, आणि आई दोनदा उकळलेल्या पाण्याचे भांडे माझ्यासमोर ठेवते तेव्हाही बाटलीच उघडते. इथे कुणी विचारले की मी पुण्याची आहे असे सांगते, त्या पाण्याची चव सांगते, आणि ती चव शनिवार पेठेतल्या लहानपणीची असते, किरकटवाडीची नसते. म्हणजे माझेही पुणे दादाच्या पुण्याइतक्याच अंतरावर संपते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही, त्यामुळे नगरसेवक निवडण्यात माझा वाटा नाही, आणि "मग परत ये आणि भांड" हे त्याचे पुढचे वाक्य मला आधीच माहीत असते. मी परत जाणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. तरी त्या शेवटच्या नळातला क्लोरीनचा आकडा दर आठवड्याला जाहीर झालेला मला हवा आहे. तो मागायचा हक्क बाबांच्या पावतीने मिळतो, आणि अर्जाचा मसुदा मी त्यांना पाठवला आहे.