पालो अल्टोची १६ घरं

एरंडवणे, डेक्कन, कोथरूडमधल्या मंडळींशी रीडेव्हलपमेंटवर बोलणं निघालं की कुणीतरी विचारतंच, "तुमच्या अमेरिकेत बंगल्यांच्या भागात असे टॉवर उठू देतात का?" नाही, उठू देत नाहीत. निदान मी राहते त्या कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियात तरी कित्येक दशकं उठू दिले नाहीत. विचारणाऱ्याला ही कौतुकाची गोष्ट वाटते. मला इथे राहून ती तशी वाटत नाही.

इथल्याच पालो अल्टो शहरातल्या मेबेल अव्हेन्यूचं बघा. तिथे जर्दाळूची एक जुनी बाग होती. ना-नफा तत्त्वावर घरं बांधणाऱ्या एका संस्थेने ती जमीन घेतली, त्यासाठी शहरानेच कर्ज दिलं. बेत असा होता की कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी भाड्याची ६० छोटी घरं बांधायची आणि खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून बाजारभावाने विकायला १२. जून २०१३ मध्ये सिटी कौन्सिलने मंजुरी दिली. शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या आणि प्रकरण सार्वमताला नेलं. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. रस्ता अरुंद, आसपास शाळा, सकाळी सायकलवरून जाणारी पोरं. पण सत्तरीतले आजी-आजोबा नेमके शाळेच्या वेळेलाच गाड्या काढून रस्ता अडवतील, हे काही माझ्या गळी उतरत नाही. नोव्हेंबरात मतदान झालं, बेत पडला आणि जमीन विकली गेली. पुढे त्याच जागेवर १६ ऐसपैस स्वतंत्र घरं मंजूर झाली. 'वस्तीचं रूप' राखलं गेलं. ज्येष्ठांची ६० घरं गेली ती गेलीच.

तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, याच शहराच्या नियोजन आयोगाच्या एका सदस्येने राजीनामा दिला. स्वतः वकील, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि तरी मुलाबाळांना वाढवता येईल असं घर इथे परवडत नाही म्हणून शहर सोडतोय, असं तिने जाहीर पत्रात लिहिलं. शिक्षक, नर्स, अग्निशमन दलातली माणसं यांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ती तास-दीड तास गाडी हाकत येतात. म्हणजे वस्तीत नको असलेली गर्दी हायवेवर जाऊन उभी राहते.

यात प्रॉपर्टी टॅक्सची गंमत आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रस्ताव १३ या नियमाप्रमाणे कर लागतो तो घर घेतलं त्या किमतीवर, आणि ती किंमत करासाठी वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे घराचा भाव दसपट झाला तरी जुन्या मालकाच्या खिशाला झळ नाही. टंचाईचा फायदा पुरा, तोटा शून्य. अशा माणसाने नव्या इमारतीला 'हो' का म्हणावं?

थट्टेचा विषय झाला तो वुडसाइड गावाचा. एका प्लॉटवर एकाहून जास्त घरं बांधू देणारा राज्याचा कायदा २०२२ च्या सुरुवातीला लागू झाला, तेव्हा या श्रीमंत गावाने आपली अख्खी हद्दच प्यूमाचं (डोंगरी सिंहाचं) अधिवासक्षेत्र असल्याचं जाहीर केलं. ॲटर्नी जनरलने कान उपटल्यावर काही दिवसांतच माघार घेतली. या असल्या ताणाताणीमुळे शेवटी राज्य मध्ये पडलं. २०१७ पासून एकेक कायदा करत सॅक्रामेंटोने, म्हणजे राज्याच्या राजधानीने, शहरांचा नकाराधिकार काढायला सुरुवात केली. २०२५ मध्ये तर रेल्वे स्थानकांच्या अर्ध्या मैलात बहुमजली घरांना वाट मोकळी करणारा कायदा झाला. फार ताणलं की तुटतं, ते तुटलं.

आता पुणं. वनाज ते गरवारे मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात ४ पर्यंत एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकामाची, मुभा आहे. स्थानकाजवळ जास्त माणसांनी राहावं यात चूक काहीच नाही. मेट्रो त्यासाठीच असते. चूक आहे ती पुढे. चार बंगल्यांना पुरणाऱ्या ड्रेनेजवर साठ फ्लॅट, आणि उन्हाळ्यात टँकरची रांग. बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचा वाद तर उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ही तक्रार मेबेलच्या तक्रारीहून कितीतरी खरी आहे, आणि तिला 'प्रगतीला विरोध' म्हणून झटकून टाकणारे बिल्डर मला मुळीच मान्य नाहीत.

पण आपल्याकडचा विरोधही सरळ नाही. स्वतःच्या सोसायटीला वाढीव कार्पेट, बिल्डरकडून कॉर्पसची रक्कम आणि दोन पार्किंग मिळत असतील तर तो विकास, आणि मागच्या गल्लीत तेच झालं की 'एरियाची वाट लागली'. आम्ही परदेशातले तर त्याहून वरचढ. पुण्यातल्या फ्लॅटसाठी संमतीपत्र कुरिअरने पाठवायचं आणि इथे तीन मजली इमारतीविरुद्ध सिटी हॉलमध्ये तीन मिनिटं बोलायचं, हे दोन्ही एकाच आठवड्यात करणारे महाभाग आमच्यात आहेत. शिवाय 'बाहेरच्यांमुळे' हा शब्द पुण्यात जपून वापरावा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतून उठलेल्यांसाठी गोखलेनगर, सहकारनगर वसवलं गेलं. तेव्हा ते गावाबाहेर होतं आणि तिथे राहायला गेलेले सगळे नवेच होते.

पालो अल्टोच्या शेजाऱ्यांकडे जरुरीपेक्षा जास्त ताकद होती. पुण्याच्या शेजाऱ्यांकडे जवळजवळ काहीच नाही. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, पण शेजारच्या प्लॉटवर काय उठणार ते बहुधा भोवती लोखंडी पत्रे लागल्यावरच कळतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर पुण्यात वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार होता. गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवकच नव्हता.

म्हणून अमेरिकेतून काही उचलायचंच असेल तर फक्त बंगलेच बांधू देणारं झोनिंग नको. कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये झालेला एक साधा कायदा आहे. नव्या बांधकामावर शुल्क घ्यायचं तर ते त्या बांधकामाने पडणाऱ्या भाराशी जोडून दाखवावं लागतं, वेगळ्या खात्यात ठेवावं लागतं आणि दरवर्षी त्याचा हिशेब जाहीर करावा लागतो. ही शुल्कं इथे अवाच्या सवा वाढली आणि घरं आणखी महागली, हेही खरं. पण हिशेब दिसतो. आपल्याकडे बिल्डर जादा एफएसआयसाठी प्रीमियम भरतो, विकास शुल्क भरतो, आणि प्रभात रोडच्या गल्लीतून गेलेले पैसे त्या गल्लीच्या जलवाहिनीसाठी परत आले का, हे शोधायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.

जमा झालेल्या प्रीमियमचा प्रभागवार हिशेब द्या आणि जलवाहिनी आधी टाका, असा अर्ज कुणी करणार असेल तर माझी सही आहे. 'आणखी माणसं नकोत' या अर्जावर नाही. आणि सह्या घेताना फक्त मालकांची यादी काढू नका. माझ्यासारख्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूचीही घ्या. टँकरच्या दिवसांत पाणी तोच भरतो.