कार्बन सायकल कडक असल्याच्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

एक स्टार देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. मुळशीची फेरी करून परतल्यावर आपली मनगटे बधिर झाली, पाठ धरली आणि एवढे पैसे मोजून घेतलेली कार्बनची रोड बाइक लोखंडी खाटेसारखी कडक वाटली, असे आपण म्हटले आहे. आमच्या दुकानातून नेलेल्या सायकलीवर आपल्याला असा त्रास झाला याचे आम्हाला वाईट वाटते आणि त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

सायकल आवडणे न आवडणे हा आपला अधिकार आहे आणि त्यावर वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. मात्र, ‘तक्रार घेऊन गेलो तर हवा कमी करा असे सांगून वेळ मारून नेली’ हे आपले वाक्य आमच्या जिव्हारी लागले आहे. हे उत्तर शेकडो अनोळखी लोक वाचतील आणि त्या एका वाक्यावरून आमच्या दुकानात यायचे की नाही हे ठरवतील, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपण सायकल घेऊन आलात तेव्हा मी स्वतः दोन्ही चाकांना दाबमापक लावला होता. पुढच्या चाकात काटा 120 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचे एकक) किंचित खाली होता आणि मागच्या चाकात नेमका 120 वर होता. टायर अंगठ्याने दाबून पाहिला तर जराही दबत नव्हता. टायरच्या कडेला कमाल दाब म्हणून 120 हा आकडा छापलेला आहे, म्हणून तेवढी हवा भरली, असे आपणच मला सांगितलेत. तो आकडा कंपनीने घालून दिलेली वरची मर्यादा आहे. त्यापलीकडे जाऊ नये एवढाच त्याचा अर्थ होतो. किती हवा भरावी हे चालवणाऱ्याचे वजन, टायरची रुंदी आणि रस्ता पाहून ठरते. साधारण 70 ते 75 किलो वजनाच्या माणसाला 25 मिलिमीटरच्या टायरमध्ये, आत ट्यूब असताना, 80 ते 85 पीएसआय पुरते, आणि टायर 28 मिलिमीटरचा असेल तर 70 ते 75 च्या आसपासही काम भागते. आपल्या चाकांत आम्ही याच हिशेबाने हवा ठेवली आणि पुन्हा एकदा त्याच रस्त्याने जाऊन पाहा, अशी विनंती केली. त्यानंतर काही तासांतच, त्याच रात्री, आपला अभिप्राय आला. म्हणजे बदललेल्या दाबावर सायकल मुळशीच्या रस्त्यावर जाण्याआधीच तो उपाय म्हणजे टाळाटाळ असल्याचा निकाल लागला, आणि हेच आम्हाला अन्यायाचे वाटते.

हवेचा मुद्दा आम्ही वेळ काढण्यासाठी का सांगितला नव्हता, हे समजण्यासाठी धक्क्याचा मार्ग पाहावा लागेल. रस्त्याचा हादरा आधी टायरला बसतो, तिथून रिम आणि आऱ्यांमधून फ्रेम व फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणारा दुबेळका) शिरतो आणि शेवटी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा), सीट व हँडलवरच्या टेपमधून आपल्या अंगापर्यंत पोहोचतो. या साखळीत जो भाग सर्वांत जास्त दबतो, तोच हादऱ्याचा मोठा वाटा गिळतो. दोन त्रिकोण जोडून बनवलेली सायकलची फ्रेम वरून भार आला तर अगदी थोडी लवते. ती कार्बनची असो, अ‍ॅल्युमिनियमची असो वा पोलादाची, त्रिकोणाचा स्वभावच तो आहे. टायर मात्र काही मिलिमीटर दबू शकतो. बसल्यावर टायरची उंची साधारण 15 टक्क्यांनी कमी व्हावी असा एक जुना ठोकताळा आहे, आणि 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये हे माप चार मिलिमीटरच्या जवळपास जाते. 120 पीएसआय भरल्यावर ही जागा बरीचशी संपते आणि पुढचे सगळे काम फ्रेमवर, सीटवर आणि आपल्या मनगटांवर येऊन पडते. चांदणी चौक ओलांडून पिरंगुटकडे जाताना रस्त्यावर आडव्या मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्या आणि काँक्रीटचे सांधे लागतात. तिथे हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, आणि आपल्या तक्रारीतही नेमका त्याच पट्ट्यांचा उल्लेख आहे.

‘कार्बन आरामदायक असते असे सांगून गळ्यात मारली’ असेही आपण लिहिले आहे. कार्बन आहे म्हणजे सायकल मऊ चालणार, असे आमच्या दुकानात कोणी सांगत नाही, कारण ते खरे नाही. टोरे कंपनीच्या टी700 या प्रचलित कार्बन धाग्याचा ताठरपणा त्याच्या लांबीच्या दिशेने 230 गिगापास्कल (ताठरपणा मोजायचे एकक) आहे आणि अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे 70 आहे. कार्बनचा धागा मुळात अत्यंत ताठ असतो. त्याची खरी खुबी अशी की तो हव्या त्या दिशेने, हव्या तेवढ्या थरांत बसवता येतो. नळीच्या लांबीशी 45 अंशांत तिरके घातलेले थर पीळ रोखतात, म्हणून पेडलवर जोर दिला की बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलचा आस बसतो तो, भाग वळत नाही. तोच कारागीर मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या बारीक आणि थोड्या लवचिक ठेवू शकतो. किती ताठ आणि किती लवचिक हे बनवणाऱ्याने मॉडेलप्रमाणे ठरवलेले असते. फ्रेमच्या आकारातून मिळणाऱ्या आरामाला मर्यादा आहे, म्हणूनच ट्रेक या सायकल कंपनीने 2012 मध्ये डोमाने मॉडेलमध्ये सीटखालची नळी वेगळी हलू देणारा सांधा आणला आणि स्पेशलाइज्ड या दुसऱ्या कंपनीने पुढे रूबे मॉडेलच्या हँडलखाली 20 मिलिमीटर हलणारी स्प्रिंग बसवली. नुसत्या कार्बनने भागले असते तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

खरेदीच्या वेळी आम्ही आपल्याला दोन सायकली चालवायला दिल्या होत्या. एक लांब पल्ल्याच्या आरामदायक बैठकीची होती, म्हणजे जिला सगळे एन्ड्युरन्स म्हणतात ती, आणि दुसरी शर्यतीची. शर्यतीच्या सायकलीत हँडल खाली आणि पुढे असते, त्यामुळे तळव्यांवर अधिक भार येतो. लांब फेऱ्या आणि आपले रस्ते पाहता पहिली घ्यावी, असे मी तेव्हा सुचवले होते. आपण दुसरी पसंत केलीत. चढावर ती जशी सुटते ते पाहता आपली पसंती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. ती उत्तम सायकल आहे. परंतु त्यानंतर फिटिंगसाठी, म्हणजे सायकल आपल्या अंगमापाला जुळवून घेण्यासाठी, ठरलेली वेळ आपण कामामुळे पुढे ढकललीत, आणि सायकल परत आली तेव्हा स्टेमखालचे (हँडल धरणाऱ्या भागाखालचे) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या कड्या, काढून वर घातलेले होते, म्हणजे आधीच खाली असलेले हँडल आणखी खाली गेले होते. हा बदल आमच्या वर्कशॉपमध्ये झालेला नाही. बधिर होणाऱ्या मनगटांमागे त्याचाही हात आहे, असे माझे मत आहे.

जास्त हवा म्हणजे जास्त वेग, ही समजूत आपली एकट्याची नाही. दुकानात येणारे निम्म्याहून अधिक लोक हेच म्हणतात, आणि गुळगुळीत ट्रॅकवर त्यात तथ्यही आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र फुगवलेला टायर प्रत्येक खडीवर सायकलीला आणि माणसाला वर उचलतो, आणि त्या हादऱ्यात खर्च होणारी ताकद पायांचीच असते. फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत 50 किलोमीटरहून अधिक अंतर दगडी फरसबंदीवरून जाते आणि तिथेही सायकली कार्बनच्याच असतात. संघ त्या दिवसासाठी रुंद टायर चढवतात आणि हवा उतरवतात. एकेकाळी 23 मिलिमीटरवर धावणाऱ्या व्यावसायिक स्पर्धकांना आज साध्या डांबरी रस्त्यावरही 28 किंवा त्याहून रुंद टायर चालतात. हवा फार कमी केली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते, ही आपली भीती रास्त आहे. म्हणूनच आम्ही दाब अंदाजाने न ठेवता मापकावर पाहून ठेवला.

सीटपोस्टमधून येणाऱ्या आवाजाबद्दल आपण लिहिले आहे. तो भाग काढून, कार्बनसाठीची पेस्ट लावून, ठरलेल्या 5 न्यूटन मीटर इतक्या जोराने आवळून दिला आहे.

रुंद टायर सुचवले ते विक्रीसाठी, असाही सूर आपल्या लिहिण्यात आहे. आपल्या फ्रेममध्ये 28 मिलिमीटरचा टायर सहज बसतो म्हणून ते सुचवले, आणि आधी हवा बदलून पाहा, फरक पडला तर टायर घेऊच नका, हेही त्याच वेळी सांगितले. हवा तपासण्याचे पैसे या दुकानाने आजवर कोणाकडून घेतलेले नाहीत. ऑनलाइन सवलतींच्या काळात भाडे, पगार आणि हप्ते सांभाळत आमच्यासारखे दुकान चालते ते ओळखीवर आणि विश्वासावर. ज्या मुलाने त्या संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ टळून गेल्यावरही आपल्या सायकलीवर काम केले, त्याने हा अभिप्राय मोबाइलवर वाचला आणि तो दुसऱ्या दिवशी कोणाशी नीट बोलला नाही. हे आपल्याला कळावे असे वाटले, म्हणून लिहिले.

यापुढे सायकल देताना हवेचा दाब लिहून द्यावा, असे आमच्या मनात आहे. फिटिंगबाबतही काही सुधारणा करण्याचा विचार चालू आहे.

आपली फिटिंग अजून बाकी आहे आणि ती सायकलीच्या किमतीत धरलेलीच आहे. मंगळवार ते शुक्रवार सकाळी दुकानात गर्दी नसते. त्या वेळेत आपण यावे, स्पेसर पुन्हा खाली घालून, सीटची उंची व पुढेमागे जागा पाहून देऊ. येताना आपला घरचा पंप बरोबर आणावा, म्हणजे त्याचा काटा आमच्या मापकाशी ताडून पाहता येईल.

आपला विश्वासू,
दुकानमालक, पुणे