सोन्याचं मशीन आणि पितळेचा बाजा

लग्नाच्या तिथी संपल्या, बाजे पेट्यांत गेले आणि नाशिकच्या बँडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागला. थोडक्यात असा: ट्रम्पेट-युफोनियमच्या सफाईला दुकानात पैसे घालवू नका. दागिने धुवायचं छोटं अल्ट्रासॉनिक मशीन ऑनलाइन मागवा. गरम पाण्यात अर्धा कप व्हिनेगर नाहीतर दोन लिंबं पिळा. वाल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा), स्लाइड (ओढून निघणाऱ्या वळणाच्या नळ्या), माउथपीस सगळं एकदम टाका आणि अर्धा तास चालू ठेवा. ध्वनिलहरींचं काम आहे, घासणं नाही, म्हणून धातूला इजा शून्य. जंतू शंभर टक्के मरतात. सराफ बाजारात रोज हेच करतात. खाली आधीचा काळा आणि नंतरचा पिवळाधमक फोटो.

मशीन वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. सातपूर-अंबडला कारखान्यांतले बारीक सुटे भाग असेच धुतात, डिझेल पंपाच्या दुकानात इंजेक्टर असेच साफ होतात, आणि बाजा दुरुस्त करणारे मोठे कारागीरही हेच मशीन वापरतात. मला खुपतात ती मेसेजमधली बाकीची वाक्यं. एकेक घेऊ.

शेवटच्यापासूनच सुरू करतो, कारण लोक भुलतात ते त्यालाच. सराफ बाजारात मशीन असतं, खरं आहे. पण त्यात असतं साबणाचं पाणी आणि आत जातं सोनं. सोन्याला व्हिनेगर काय न् लिंबू काय, ढिम्म फरक पडत नाही. आणि तोच सराफ मोत्याचा सर किंवा पाचूची अंगठी त्यात टाकत नाही, हे मेसेजवाल्याने विचारलेलं दिसत नाही. बाजा पितळेचा आहे. सल्ला घ्यायचाच तर सराफ बाजारातून चार पावलं पुढे भांडी बाजारात जायला हवं होतं. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ताक बिघडतं ते पितळेतला धातू त्यात उतरतो म्हणून. व्हिनेगरच्या गरम पाण्यात वाल्व्ह अर्धा तास ठेवला की उतरणारा धातू तुमच्या वाल्व्हचा असतो.

आता त्या फोटोचं. फोटो खोटा नसावा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बाजाच्या पिवळ्या पितळेत साधारण 70 भाग तांबं, 30 भाग जस्त. आम्लात पडल्यावर आधी वरचा काळा थर विरघळतो, त्यामुळे पहिल्या दोन-चार मिनिटांत लखलखाट होतो. फोटो तेव्हा काढलेला असतो. पुढे आम्ल धातूलाच हात घालतं, आणि त्यात जस्त तांब्याच्या आधी निघून जातं. मागे राहतो तो तांब्याचा भुसभुशीत, गुलाबी थर. साध्या आम्लात हे सावकाश होतं. मशीनमध्ये पाणी तापलेलं असतं आणि बुडबुड्यांमुळे धातूला सतत ताजं आम्ल भिडत राहतं, म्हणून वेग वाढतो.

अशा प्रकाराने ‘साफ’ झालेली एक स्लाइड मी हातात घेऊन पाहिली आहे. ट्रम्पेटच्या दुसऱ्या वाल्व्हची, सगळ्यात छोटी. दोन्ही पाय पिवळे, पण वळणाच्या पोटाशी बोटभर रुंदीचा गुलाबी पट्टा. नखाने जात नव्हता, ब्रासोने थोडा फिका झाला. भिंगाखाली त्या पट्ट्यात सुईच्या टोकाएवढ्या खळग्या दिसत होत्या. असा डाग बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घालवता येतो, पण बफ डागासोबत धातूही खातो, आणि त्या नळीची भिंत मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पुन्हा आतली बाजू बफला दिसतच नाही. फुंकताना थुंकी जाते त्या नळ्यांत हाच रोग आतून आपोआप लागतो, बाहेर गुलाबी ठिपके उमटतात आणि एक दिवस तिथे भोक पडतं. मेसेजमधली कृती म्हणजे त्या रोगाला घरी बोलावून चहा पाजणं.

मग कारागीर आम्ल वापरतच नाहीत का? वापरतात. नळीत पाण्याचा क्षार दगडासारखा बसला असेल तर साबणाने हलत नाही. पण ते मोजून पातळ केलेलं असतं, काम मिनिटांत होतं, माणूस समोर उभा असतो, आणि नंतर सोड्याच्या पाण्यातून काढून भरपूर धुतलं जातं. ‘दोन लिंबं’ हे माप सरबताला ठीक आहे.

काही जणांनी मेसेजमध्ये सुधारणा केली आहे: व्हिनेगर नको, बाजारात मिळणारं दागिने धुवायचं तयार द्रावण घाला. यात धोका वेगळा आहे. अशा अनेक द्रावणांत अमोनिया असतो, आणि अमोनिया हा पितळेचा जुना वैरी. हे जगाला कळलं तेही आपल्याच देशातल्या पावसाळ्यामुळे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यापुरती घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची, आणि पाऊस सरल्यावर बघावं तर कित्येकांना भेगा. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांचा तो उद्योग होता. 1921 मध्ये त्याचा उलगडा झाला. बाजाच्या नळ्याही ओढून, वाकवूनच घडतात. एका धुण्यात तुमचं युफोनियम तडकणार नाही, एवढं घाबरवायचं नाही मला. पण बाटलीवर अमोनिया लिहिलेलं असेल तर ती बायकोच्या बांगड्यांपुरतीच ठेवा.

‘घासणं नाही, म्हणून इजा शून्य.’ हे मशीन साधारण 40 किलोहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला 40,000 कंपनं, कानाच्या पलीकडची. पाण्यात बारीक पोकळ्या तयार होतात आणि फुटतात, त्या फुटण्याचा मार मळाला बसतो. हा मार किती असतो हे बघायचं तर डब्याला गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या, पट्टी कापून चालू मशीनच्या पाण्यात मिनिटभर धरा. चाळण होते. (फॉइल जशीच्या तशी राहिली तर तुमचं मशीन अल्ट्रासॉनिक नाही, आत थरथरणारी मोटर आहे, स्वस्तातली बरीच ‘मशीनं’ याच जातीची. पैसे परत मागा.) पितळेची अशी चाळण होत नाही, पण जिथे काही आधीच सुटत आलं आहे तिथे हा मार बरोबर पोचतो. लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक वार्निशला, भेग असेल तर त्याचे पापुद्रे निघतात. निकलचं पाणी फुगलं असेल तर तेही सुटतं. मेरठहून आलेले आणि पंधरा-वीस लग्नसराया खाल्लेले बाजे आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांचं निकल कुठे धरून आहे आणि कुठे नुसतं बसून आहे, हे आत टाकण्याआधी बघायला हवं. जुना डाख, म्हणजे सांधे जोडायला वितळवून लावलेला धातू, तोही तसाच. चांगला डाख सुटत नाही. पण सांधा आधीच सुटला असेल आणि फट मळाने बुजली असेल, तर मळ गेला की बाजा हवा सोडायला लागतो. मग मास्टर म्हणतात, मशीनने बाजाची वाट लावली. मशीनने फक्त झाकण काढलेलं असतं.

‘सगळं एकदम टाका’ हे वाक्य लिहिणाऱ्याने पिस्टन, म्हणजे वाल्व्हच्या नळीत वरखाली होणारा दट्ट्या, कधी हातात घेतला नसावा. पिस्टन आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. 1, 2, 3 असे आकडे त्यावर कोरलेले असतात, कारण एकाचा दुसऱ्याला बसत नाही. असे तीन पिस्टन टाकीत एकमेकांवर आपटत अर्धा तास कंप पावले तर ओरखडे कुठे पडणार? वाजवताना तोच ओरखडा ऐन वरातीत वाल्व्ह अडकवतो. एका वेळी एकच पिस्टन, तोही जाळीच्या टोपलीत किंवा दोऱ्याने टांगून. टाकीच्या तळाला काहीही टेकता कामा नये, नाहीतर टाकीही खराब होते. नमदा, बुचाचे तुकडे, रबर आधी काढा. क्लॅरिनेटचं लाकूड आणि पॅड यांचा तर या मशीनशी काही संबंधच नाही.

जंतूंचं एका ओळीत संपतं. दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारं अशा मशीनमध्ये धुतल्यावर पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, का घालतात, याचा विचार करा. मळ गेला की जंतूही बरेच जातात, पण शंभर टक्के नाही. एकाचं माउथपीस दुसऱ्याने लावायचं असेल तर वेगळी काळजी घ्या.

मेसेजमध्ये नाही, पण आपल्याकडे सवय आहे म्हणून लिहितो. वाल्व्हचं जुनं तेल काढायला पेट्रोल किंवा थिनर वापरणारे खूप आहेत. ते या मशीनमध्ये कधीच नाही. मशीन गरम होतं, वाफ साचते, आणि आत विजेचं काम आहे.

घरी करायचंच असेल तर साधं पाणी, हाताला सोसेल इतकं कोमट, भांडी धुवायच्या लिक्विडचे चार थेंब. ताजं पाणी भरल्यावर पाच-सात मिनिटं मशीन रिकामं चालवा, म्हणजे पाण्यातली हवा निघून जाईल आणि मार नीट बसेल. मग माउथपीस, वाल्व्हच्या टोप्या, छोट्या स्लाइड, आणि एकेक करून पिस्टन. तीन ते पाच मिनिटं, बाहेर काढून बघायचं, लागलं तर पुन्हा. पाणी काळं-हिरवं झालं की बदलायचं. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने नको, आरओचं घ्या, नाहीतर काढलेला क्षार पुन्हा बसेल. सुती फडक्याने पुसून पूर्ण सुकवा आणि मगच तेल. रंग काळपटच राहिला तर राहू द्या. साबणाने मळ जातो, काळपटपणा जात नाही, आणि काळपट पितळ वाजायला कमी पडत नाही.

मोठी स्लाइड, लीडपाइप (माउथपीस बसतं ती नळी), बेल (पुढचं कर्ण्यासारखं तोंड) हे घरच्या वाटीएवढ्या टाकीत मावतच नाहीत. अर्धी बुडवून अर्धी बाहेर ठेवली तर पाण्याच्या रेषेवर डाग उठतो, म्हणून त्यांना लांब ब्रश आणि साबणाचं पाणीच. अडकलेली स्लाइड, पोचा, सुटलेला डाख यांसाठी मात्र कारागिराकडेच जा, आणि जमलं तर गणपतीच्या आधीच्या गर्दीत नको, आताच.