नोकऱ्यांच्या आकड्यात माझी भाची कुठे बसते?

आज सकाळच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर पुन्हा तेच छायाचित्र आहे. मंत्रिमहोदय, शेजारी एका अमेरिकी तंत्रज्ञान कंपनीचे अधिकारी, दोघांच्या हातात करारनाम्याची फाइल, आणि खाली ठळक अक्षरांत पुण्यात निर्माण होणाऱ्या हजारो नोकऱ्यांचा आकडा. राज्य सरकारने 2025 मध्ये जागतिक क्षमता केंद्रांसाठी, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्या स्वतःच्याच कामासाठी इथे उघडतात त्या कार्यालयांसाठी, धोरण आणले, त्यात अशी 400 नवी केंद्रे आणि 4 लाख रोजगार यांचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हापासून अशी छायाचित्रे वारंवार छापून येतात. एरवी मी पान उलटले असते. आज उलटवले नाही, कारण काल रात्रीच भाचीशी बोलणे झाले होते.

माझ्या बहिणीचे सासर पुण्याजवळच्या हिंजवडीशेजारच्या माण गावचे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानासाठी औद्योगिक विकास महामंडळाने जी जमीन घेतली, त्यात भाचीच्या आजोबांचाही भाताचा तुकडा गेला. ज्या काचेच्या इमारतीत ती आज काम करते, ती त्यांच्या जुन्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. आता ही गोष्ट ऐकून तुमचे डोळे पाणावत असतील तर थोडे थांबा, कारण पैसे मिळाले होते, उरलेल्या गुंठ्यांना पुढे सोन्याचा भाव आला, आणि त्या भागात गुंठामंत्री म्हणून मिरवणारे कमी नाहीत, हे मलाही दिसते. जमिनीचा हिशेब मी इथे मांडत नाही. माझे म्हणणे नोकरीपुरतेच आहे.

ती मुलगी संगणक अभियंता झाली. गावाजवळच्याच खासगी महाविद्यालयातून, चांगल्या गुणांनी. त्या इमारतीतल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिने अर्ज केले, आणि दरवेळी माणसाने वाचण्याआधीच ते बाद झाले असावेत अशा वेगाने नकार आले, कारण नवख्यांची भरती ही मंडळी ठरलेल्या मोजक्या महाविद्यालयांतूनच करतात. अखेर ती त्याच कंपनीत शिरली, पण मागच्या दाराने. एका मनुष्यबळ पुरवठादाराने तिला आपल्या पेरोलवर घेतले आणि तिथे बसवले. काम तेच, टीम तीच, ग्राहकाच्या रात्रीच्या बैठकाही त्याच. फरक गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्याच्या रंगात आहे. तिच्या रंगाच्या पट्ट्याला कंपनीची कॅब नाही, वार्षिक बोनस नाही, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांची बैठक भरते तेव्हा तिने जागेवर बसून राहायचे असते. काल तिला कळवण्यात आले की तिचे कंत्राट पुढच्या महिन्यात संपते. कारण विचारले तर पुरवठादार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी म्हणते की ती आमची कर्मचारी नाहीच.

मग आजच्या आकड्यात ती धरली आहे की नाही? कंपनी रोजगाराची घोषणा करते तेव्हा तिच्यासारखी माणसे बहुधा मोजली जातात, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातले वाढपी आणि कॅबचालकही ‘अप्रत्यक्ष रोजगार’ या गोंडस नावाखाली मोजले जातात, आणि कपातीची वेळ आली की यातला एकही माणूस कंपनीचा नसतो. मला याचा मनस्वी संताप येतो. शासन तर त्याच आकड्यावर सवलती देते. बरे, महाराष्ट्रात उद्योगांना प्रोत्साहने देताना 80 टक्के स्थानिकांना रोजगार देण्याची अट आजची नाही, अनेक दशकांची आहे. ती पाळली जाते का, हे तपासणारा कोणी मला तरी आजवर भेटलेला नाही.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल की अटी घातल्या तर कंपन्या बेंगळुरूला, हैदराबादला जातील. जातीलही, त्यात नवल नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी 75 टक्के आरक्षणाचा कायदा केला तो उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द ठरवला, आणि 2024 मध्ये कर्नाटकानेही तसे विधेयक आणून उद्योगांच्या विरोधानंतर गुंडाळून ठेवले. मी आरक्षण मागत नाही. पण निघून जाण्याच्या धमकीचे इतके भय का बाळगावे? विदेशी भांडवलाचा हिस्सा कमी करण्याची कायद्याची अट न मानता आयबीएम 1978 मध्ये देश सोडून गेली, 1992 मध्ये टाटांना सोबत घेऊन परत आली, आणि पुढे अमेरिकेपेक्षा भारतातच तिची माणसे जास्त झाली. कंपन्या इथे शिकलेल्या माणसांसाठी येतात. रस्त्यांसाठी तर नक्कीच येत नाहीत, हे पावसाळ्यात हिंजवडीच्या तुंबलेल्या चौकात अडकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ज्या मेट्रोचे भूमिपूजन 2018 मध्ये झाले, तिची वाट पाहण्यातही या लोकांची वर्षे गेली.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा निवळला आहे, म्हणून हेही नोंदवतो की याच कंपन्यांनी पुण्यातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांचे दिवस पालटले, माझ्या घरातही त्याच पगारावर कर्ज फिटले. भाचीलाही तिथले काम मनापासून आवडते. काल ती रडली नाही, उलट मलाच समजावत होती की मामा, अनुभव तर मिळाला ना, दुसरीकडे बघू. तिच्या आजोबांना मात्र तिने अजून काही सांगितलेले नाही. नात ‘आपल्याच शेतात’ नोकरीला आहे, असे ते पारावर सगळ्यांना सांगत असतात.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पुढच्या वेळी असे छायाचित्र छापून येईल तेव्हा त्याखाली तीन आकडे वेगवेगळे द्यावेत: स्वतःच्या पेरोलवर किती, पुरवठादारामार्फत किती, आणि त्यातले राज्याचे रहिवासी किती. सवलत द्यायची तर पहिल्या आकड्यावर द्यावी, आणि वर्षभराने तोच आकडा पुन्हा तपासावा. माझ्या मित्रयादीत मनुष्यबळ विभागात काम करणारे बरेच जण आहेत. हे तीन आकडे जाहीर करण्यात नेमकी अडचण कोणती, ते कृपया खाली लिहा. गोपनीयतेचे कारण देणार असाल तर कोणाची गोपनीयता, तेही लिहा.