दिल्लीत एका दिवशी एकच जागा

परत एकदा लाँग वीकेंड आला आणि परत आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या पहाटे चारला पहाडाकडे निघाल्या. आम्हीही हे पाच-सहा वर्षं केलंय, मसुरी झालं, नैनिताल झालं, लॅन्सडाउन झालं, आणि दर वेळी तेच, जाताना नऊ तास, येताना अकरा तास, पोरं मागच्या सीटवर ओकतायत, पोचल्यावर पार्किंगसाठी अर्धा तास चकरा, तीन दिवसांतले दोन दिवस गाडीतच गेले. चार वर्षांपूर्वी मी घरात सांगून टाकलं की आता बास. तेव्हापासून सुट्टीला आम्ही दिल्लीतच फिरतो, फार तर दीड-दोन तासांवर जातो, पहाटे निघायचं, एका दिवशी एकच जागा बघायची आणि जेवायला घरी यायचं. आणि खरं सांगते, या बारा वर्षांत दिल्ली मला जी काही कळली ती या चार वर्षांत कळली.

हे आज लिहायचं दुसरं कारण म्हणजे गावाकडून येणारे पाहुणे. 2025 च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमला साहित्य संमेलन झालं तेव्हा आमच्याकडे सात जण उतरले होते. एका टूरवाल्याने त्यांना एका दिवसात लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, बिर्ला मंदिर, लोटस टेंपल, कुतुब आणि अक्षरधाम एवढं सगळं उरकून दाखवलं. रात्री आले तेव्हा मामींचे पाय टम्म सुजलेले आणि कुठलं कुठे होतं ते कुणालाच नीट सांगता येईना. मला फार वाईट वाटलं हो. एवढ्या लांबून माणसं येतात, आयुष्यात एकदा येतात. 1737 च्या मार्चमध्ये पहिल्या बाजीरावाचा तळ तालकटोऱ्याला पडला होता हे त्यांनी तिथे ऐकलं, टाळ्या वाजवल्या, पण तिथून पाच मिनिटांवर जे रिजचं, म्हणजे अरवलीच्या टेकड्यांचं, जंगल आहे त्याच्या कडेने कुणी त्यांना चालवून आणलं नाही. चालल्याशिवाय जागा अंगात उतरत नाही असं माझं ठाम मत आहे.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा सांगते. उत्तर दिल्लीत युनिव्हर्सिटीच्या मागे रिज आहे, म्हणजे अरवली डोंगराचं शेवटचं टोक. विश्वविद्यालय मेट्रोला उतरायचं आणि चालत फ्लॅगस्टाफ टॉवरपर्यंत जायचं. 1857 च्या मे महिन्यात इंग्रजांची बायकापोरं या गोल बुरुजापाशी जमून मदतीची वाट बघत बसली होती. तिथून दक्षिणेला निघालं की वाटेत चौबुर्जी मशीद लागते, पीर गायब नावाची जुनी इमारत लागते आणि अशोकाचा स्तंभ. हा स्तंभ फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणला होता, पुढे दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि 1867 मध्ये जोडून परत उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे स्पष्ट दिसतात. माझ्या धाकट्याने ते बोटाने मोजले होते.

पण मी तिथे जाते ते वेगळ्याच कारणाने. त्याच टेकडीवर हिंदुराव हॉस्पिटल आहे. दिल्लीतला प्रत्येक रिक्षावाला "हिंदूराव" म्हणतो, बसच्या पाटीवर हिंदुराव लिहिलेलं असतं, आणि हा हिंदुराव कोण हे मला दिल्लीत येऊन तीन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं, आणि मी कागलची! अहो, आमच्याच कागलचे घाटगे ते. सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, बायजाबाई शिंद्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे दौलतराव शिंद्यांचा मेव्हणा. विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा 1835 मध्ये खून झाला आणि त्यानंतर त्याची ही टेकडीवरची कोठी हिंदुरावांनी घेतली, 1855 ला वारेपर्यंत त्यांचं दिल्लीत चांगलंच प्रस्थ होतं. पुढे 1857 च्या वेढ्यात हीच कोठी इंग्रजांची मोक्याची चौकी झाली आणि नंतर तिथे हॉस्पिटल आलं. पंचगंगा-दूधगंगेच्या मुलखातल्या माणसाचं नाव दिल्लीच्या तोंडात इतकी वर्षं आहे आणि आपण तिथून बसने निघून जातो.

मागच्या हिवाळ्यात बाबांना तिथे घेऊन गेले. बाबा पंचाहत्तरीचे, गुडघे दुखतात, तरी अर्ध्या टेकडीपर्यंत चालत आले, पुढे रिक्षा केली. गेटपाशी पाटीवरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं, मग टोपी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले. रिक्षावाल्याला वाटलं कुणी पेशंट आहे, तो फार मायेने म्हणाला, अंकल, कोई भरती है क्या? बाबा त्यांच्या हिंदीत म्हणाले, नही बेटा, हमारे गाव के आदमी का घर था ये. तो पोरगाही मग खाली उतरून पाटी वाचायला लागला. मला विचाराल तर दिल्लीदर्शन म्हणजे हे.

तशीच दुसरी जागा मेहरौली. कुतुबमिनार बघून लोक परततात आणि तिथून पंधरा मिनिटांवर, दर्ग्याच्या गल्लीत, जफर महाल आहे तिकडे कुणी फिरकत नाही. महालाला लागून मोती मशिदीपाशी संगमरवराच्या जाळीआड काही कबरी आहेत, त्यातली एक शाह आलमची, दुसऱ्या शाह आलमची. या माणसाचा आणि आपला संबंध केवढा जवळचा! 1772 च्या जानेवारीत मराठ्यांनीच त्याला आणून दिल्लीच्या तख्तावर बसवला, महादजींच्या आधारावर तो टिकला, 1788 ला गुलाम कादिर रोहिल्याने त्याचे डोळे काढले तेव्हा महादजींच्याच फौजेने दिल्ली परत घेतली. आणि त्या फौजेच्या पुढे कोण होता, तर राणेखान, पानिपतावरून जखमी महादजींना ज्याने उचलून आणलं असं आपण लहानपणापासून ऐकतो तो राणेखान भिस्ती. त्या कबरीपाशी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पुस्तकात वेगवेगळी पडलेली ही सगळी माणसं एका जागी गोळा झाल्यासारखी वाटली मला. कबर केवढीशी आहे म्हणून सांगू, बादशहाची आहे हे सांगावं लागतं. शेजारी एक रिकामी जागा आहे, ती बहादूरशहा जफरने स्वतःसाठी ठेवलेली. तो 1862 मध्ये रंगूनला मेला, जागा आजही रिकामीच.

वेळ असेल तर तिथल्या आर्किऑलॉजिकल पार्कात राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर आणि जमाली-कमालीची मशीद बघा. पण मी तर म्हणते त्या दिवशी जफर महालच करा आणि पार्क पुढच्या वेळेला ठेवा.

आणि नोएडात राहणाऱ्या मराठी मंडळींनो, तुमच्या ब्लू लाइनवर गोल्फ कोर्स नावाचं स्टेशन आहे ना, त्या गोल्फ कोर्सच्या आत एक जुना दगडी स्तंभ आहे. 11 सप्टेंबर 1803 ला शिंद्यांची फौज आणि जनरल लेकचे इंग्रज यांची लढाई तिथे झाली, पटपडगंजची लढाई म्हणतात ती. आपण हरलो आणि दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली. जागा क्लबच्या आत आहे, त्यामुळे गेटवर नीट विनंती करून, सांगतील त्या वेळेला जावं लागतं, आम्हाला दुसऱ्या खेपेला सोडलं. मी मयूर विहारला राहते, म्हणजे दळण आणायला जाते त्या रस्त्याच्या आसपास कुठे तरी आपली हजारो माणसं त्या दिवशी लढली, हे कळल्यापासून या पूर्व दिल्लीकडे मी परकी म्हणून बघूच शकत नाही.

पानिपतचं वेगळं सांगत नाही, ते नव्वद किलोमीटरवर आहे, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला आंबला, प्रत्येक मराठी माणसाने जावंच, 14 जानेवारीला गेलात तर स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातले रोड मराठा लोक भेटतील, त्यांच्याशी बोला.

सगळं इतिहासाचंच सांगतेय असं वाटेल, तर आता झाडांचं. गुडगाव-फरीदाबाद रस्त्यावरून आत मांगर गाव आहे, तिथे मांगर बनी नावाचं जंगल आहे, पावणेसातशे एकरांच्या आसपास. आता बनी म्हणजे काय, तर शब्दशः आपली देवराई! गुदरिया दास बाबा म्हणून एका साधूचं ठाणं आहे, आजूबाजूच्या तीन गावांतले गुर्जर लोक त्यांना मानतात, आणि या बनीतली फांदी तोडली तर घरावर संकट येतं अशी श्रद्धा आहे, म्हणून सरपणाला सुद्धा कुणी हात लावत नाही. त्यामुळे झालंय काय की बाकीच्या रिजवर जिकडे तिकडे ती विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजलीय, पण इथे अजून अरवलीचा अस्सल धौ उभा आहे, आपल्या धावड्याचाच भाऊ. बारीक पानं, उन्हाळ्याआधी तांबूस पडतात आणि पाऊस पडला की आठवड्यात अख्खी दरी हिरवी. मी जुलैत गेले होते. एका म्हाताऱ्या गावकऱ्याने आम्हाला आत नेलं, ठाण्यापाशी चप्पल काढायला लावली, आणि माझी लेक सवयीने वाटेतलं पान तोडायला गेली तर त्याने तिचा हात हळूच धरून बाजूला केला, रागावला नाही, फक्त नाही म्हणून मान हलवली. मला आमच्या आजोळची देवराई आठवली, तिथे गुरव असाच हात धरायचा. इतक्या लांब, भाषा वेगळी, देव वेगळा, आणि हाताचा तो स्पर्श अगदी तोच. गुडगावच्या टॉवरवाल्यांनी या बनीचे प्लॉट पाडू नयेत म्हणून तिथली माणसं वर्षानुवर्षं भांडतायत, तेव्हा तिथे जाल तर पिकनिक म्हणून जाऊ नका, स्पीकर नको, चिप्सची पाकिटं नकोत, आणि गावातल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय, सोबत घेतल्याशिवाय आत शिरू नका.

फरुखनगर हे माझ्या नवऱ्याचं आवडतं, कारण त्याला रेल्वे आवडते. गुडगावच्या पुढे गढी हरसरूवरून एक छोटा फाटा फुटतो आणि फरुखनगरला जाऊन संपतो. एवढ्याशा गावाला 1873 मध्येच रेल्वे का आली असेल? तर मिठासाठी. इथल्या विहिरींचं पाणी खारट, ते वाळवून मीठ करायचे आणि गाड्या भरून बाहेर जायचं. मिठाचा धंदा गेला, गाव मागे पडलं, पण नवाब फौजदार खानाचा शीशमहाल आहे, एक जुनी स्मारक-छत्री आहे, आणि एक अष्टकोनी बावली आहे, वेशीजवळ, आत उतरलं की भर मेमध्ये गार वाटतं. पॅसेंजरचे टाइम आधी बघून घ्या, गाड्या कमी आहेत. तिथून सुलतानपूरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे, पण ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, जानेवारीत पहाटे गेलात तर पट्टकदंब हंस, चित्रबलाक, नशिबात असेल तर सारसाची जोडी, तीन तास कसे जातात कळत नाही.

यमुना घाटाचे सीगल आता इन्स्टामुळे सगळ्यांना माहीत झालेत. हिवाळ्यात पहाटे काश्मिरी गेटजवळच्या घाटावर नाव करायची, मागे 1866 चा लोखंडी पूल, धुकं, आणि डोक्यावर शेकडो कुरव. दृश्य सुंदर आहेच, मी नाही म्हणणार नाही. पण पाणी काळं आहे, वास येतो, आणि आपण त्या पक्ष्यांना फरसाण टाकतो हे मला बिलकुल बघवत नाही. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव, त्याला तेलातली शेव कशाला? नाववाला पाकीट देतो, आपण नको म्हणायचं, त्याला वर दहा-वीस रुपये द्यायचे. मी प्रत्येक वेळी हेच करते आणि पक्षी तरीही येतात.

मैत्रिणी विचारतात की बायकांनी एकटीने जावं का. मेहरौली, फरुखनगर गावात दिवसाउजेडी जायला हरकत नाही, पण रिजच्या आतल्या पायवाटांवर किंवा मेहरौलीजवळच्या संजय वनाच्या जंगलात पहाटे एकटीने मी जात नाही आणि तुम्हालाही जा म्हणणार नाही, चार-पाच जणी मिळून जा. नोव्हेंबरात हवा अगदीच वाईट असेल तर म्हाताऱ्यांना आणि पोरांना बाहेर काढू नका, त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्च आणि पावसाचे दोन महिने सोन्यासारखे आहेत ते वापरा.

पुढच्या रविवारी आम्ही परत रिजला जातोय, बाबा आलेत, त्यांना या वेळी अशोकस्तंभापर्यंत चालायचंच आहे. सकाळी सव्वासहाला विश्वविद्यालय मेट्रोच्या बाहेर भेटू, ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा म्हणजे नाश्त्याच्या दशम्या त्या हिशोबाने करते. पाण्याची बाटली आणा, पायात बूट घाला, आणि केळी-बिस्किटं उघड्या पिशवीत आणू नका, तिथे माकडं फार आहेत.